पुसता येणारं चित्र

“पेंटर, कुंदाला काढून टाक.”

दत्ताशेठ दारातूनच म्हणाले. मी टेबलावर आडव्या ठेवलेल्या कॅनव्हासवर वाकून चित्रातल्या पंख्याची पाती रंगवत होतो. मान वर करून विचारलं, “काढू म्हणजे?”

“चित्रातून. उद्यापासून ती कारखान्यात नाय. मग चित्रात कशाला? तिच्या जागी आपल्या प्रांजलला बसव.”

“शेठ, चित्र होत आलंय. आता फक्त वॉर्निश राहिलंय.”

“वॉर्निश राहिलंय ना? मग झालं तर. तूच दाखवलंस मला त्या दिवशी. ओला स्पंज फिरवला की पांढरं. निघंल ना?”

नाही म्हणता आलं असतं. ‘शेठ, त्या दिवशी रंग ओला होता, आता वाळून पक्का झालाय’ एवढं म्हटलं असतं तरी त्यांना पटलं असतं. जलरंग एकदा लागला की लागला, हे शाळेत रंगपेटी वापरलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण मी म्हणालो, “निघेल.”

पुढचं सगळं त्या एका शब्दातून झालं, म्हणून तिथूनच सांगायला सुरुवात केली.

मी राहतो रोह्याला. मुंबईत कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केला आणि गावी परत आलो. सुरुवातीची बरीच वर्षं धाटावच्या कंपन्यांचे सेफ्टी बोर्ड रंगवले. हेल्मेट घाला, गॉगल घाला, इथे धूम्रपान करू नका. मग फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. तेव्हा मी हॉटेलं, बँका, डॉक्टरांचे दवाखाने यांच्यासाठी चित्रं काढायला लागलो. माझा हात जलरंगात बरा आहे. पण आपल्याकडे जलरंगाची एक अडचण असते. तो कागदावर काढतात, कागदाला काच लागते आणि आपल्या हवेत त्या काचेमागे दोन पावसाळ्यांत बुरशी येते. चित्रातल्या आभाळावर तपकिरी ठिपके पडतात. गिऱ्हाईक फोन करून विचारतं, “हे पक्षी तुम्हीच काढलेत का?”

म्हणून मी कागद सोडून कॅनव्हासवर जलरंग वापरायला शिकलो. तयार मिळणाऱ्या कॅनव्हासवर पाणी ठरत नाही. अळूच्या पानावर थेंब पळतो तसा रंग पळतो. त्यासाठी आधी एक खास पांढरा थर द्यावा लागतो, त्याला ग्राउंड म्हणतात. हात लावला तर खडूसारखा लागतो. तो दोन-तीनदा लावून चांगला वाळू द्यायचा. मग कॅनव्हास आडवा ठेवूनच रंगवायचा, उभा केला की रंग खाली वाहतो. सगळ्यात शेवटी स्प्रेच्या डब्यातून वॉर्निश मारायचं, लांबून, हलक्या हाताने. ब्रशने मारलं तर खालचा रंग उठून ब्रशला येतो. वॉर्निश बसलं की काच नको आणि बुरशीची भीतीही नाही. ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं.

वॉर्निश मारेपर्यंत मात्र ते चित्र कुणाचंच नसतं. रंग कागदात मुरतो तसा आत मुरत नाही, ग्राउंडवर नुसता बसून राहतो. ओला स्पंज लावला की उठतो आणि खालून कोरं पांढरं वर येतं. कागदावरची चूक आयुष्यभर दिसते, इथली दोन मिनिटांत जाते. या गोष्टीचा मला अभिमान होता. तो नको तिथे दाखवला.

दत्ताशेठचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर धुराडं डोळ्यांसमोर आणू नका. एक लांबलचक पत्र्याची शेड, फळ्यांवर ओळीने वाळत ठेवलेल्या पांढऱ्या मूर्ती, रंगाच्या बरण्या आणि जमिनीवर बसून काम करणारी माणसं, असा तो असतो. शेड दोन भावांनी मिळून उभी केली. धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी वारला. कुंदावहिनी त्याची बायको.

शेठ शेडच्या पुढे नवीन शोरूम बांधत होते. गुढीपाडव्याला उघडायचं होतं. त्यात समोरच्या भिंतीवर मोठं चित्र हवं होतं, कारखान्यात काम करणाऱ्या घराचं. तेच चित्र पुढे मूर्तीच्या खोक्यांवर छापायचं, मोबाइलवर टाकायचं. “फोटो नको,” शेठ म्हणाले, “फोटो सगळेच लावतात. आपलं हातचं पायजे.” मी सकाळच्या गाडीने रोह्याहून निघायचो. निडी, नागोठणे, कासू मागे टाकत पेणला उतरायचो आणि शेडमध्येच एका टेबलावर काम करायचो.

चित्र सरळ होतं. डावीकडे साचा उघडणारे शेठ, मागे मूर्ती उचलणारा त्यांचा मुलगा आणि उजवीकडे, खिडकीच्या उजेडात, आखणी करणाऱ्या कुंदावहिनी. सगळ्यांचे डोळे फिरून तिथेच जावेत अशी ती जागा मी ठेवली होती.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम सर्वांत शेवटी होतं. अंग रंगवून होतं, शेला, सोवळं, दागिने सगळं होतं, तरी डोळ्यांच्या जागा कोऱ्याच असतात. तोवर कारागीर मूर्तीला टेकून बसतील, तिच्या मांडीवर चहाचा कप ठेवतील. एकदा डोळे झाले की तिच्यासमोर कुणी शिवीसुद्धा देत नाही. आखणी चुकली तर अख्खा चेहरा परत रंगवावा लागतो. म्हणून एका कारखान्यात आखणी करणारं माणूस एखाददुसरंच असतं आणि लांबचे व्यापारी त्या डोळ्यांसाठीच परत परत येतात. शेठच्या मूर्तींची ओळख तीच होती. थोडे खाली झुकलेले, आत्ताच कुणाचं तरी बोलणं ऐकून घेतल्यासारखे डोळे.

हे डोळे वहिनी काढायच्या, डाव्या हाताने. आणि बाहेरच्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना खिडकीशी बसवलं तेव्हा त्यांनी ब्रश उजव्या हातात घेतला.

“वहिनी, तुम्ही डाव्या हाताने काढता ना? मघाशी बघितलं मी.”

“चित्रात उजवाच दाखवा, दादा.”

“का?”

त्यांनी शेठ कुठे आहेत ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “सासूबाई होत्या तेव्हापासूनचं हाय हे. देवाचे डोळे डाव्या हाताने काढते म्हटलं तर गिऱ्हाईक मूर्ती घेईल का? व्यापारी आला की ब्रश धुवायचा आणि आत जाऊन चहा टाकायचा. पुण्याचे लोखंडे येतात ना, त्यांना लग्न होऊन आले तेव्हापासून चहा देते मी. दर वर्षी माझ्या हातचा चहा पितात आणि विचारतात, शेठ, आखणी कोण करतं हो तुमच्याकडे? त्यांना वाटत असेल, बाई चहाला ठेवलीय.” आणि हसल्या.

मला ते हसणं लागलं. मी शेठकडे गेलो. म्हटलं, “डावाच हात दाखवू या. आजकाल लोकांना असंच खरंखुरं आवडतं. बातमी होईल.” शेठनी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाले, “आर्टिस्ट तू हायस. तू म्हणतोस तर दाखव.”

वहिनींना तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हिरवी साडी नेसून आल्या, सणाला नेसतात तशी. मी चिडवलं, “रंगाचे डाग पडतील, वहिनी.” त्या म्हणाल्या, “पडू देत. एकदाच बसतेय मी खिडकीत.”

त्यांचा हात मी मन लावून रंगवला. मूर्तीच्या गालाला टेकलेली करंगळी, ब्रशवर आलेला अंगठा, मनगटावरच्या बांगड्या मागे सारलेल्या. तसा हात मला पुन्हा जमलेला नाही.

त्याच दिवसांत माझ्या हातून ती फुशारकी झाली. चित्राच्या कोपऱ्यात मी पाण्याचं पिंप काढलं होतं. शेठ म्हणाले, “ते पिंप कशाला? गरिबी दिसते.” मी म्हटलं, “थांबा, गंमत दाखवतो.” स्पंज ओला केला, पिळला, पिंपावरून फिरवला, वरून कोरडं कापड दाबलं. पिंप गेलं. शेठ ओरडलेच, “च्यायला, ही तर जादू हाय! या रे सगळ्यांनी, बघा!” सगळे जमले. मी आणखी एक मूर्ती पुसून दाखवली आणि परत काढली. जत्रेतल्या जादूगारासारखा उभा होतो मी तिथे.

वहिनी मागून म्हणाल्या, “तुमचं बरं हाय, दादा. आमचं चुकलं की आख्खं तोंड जातं.”

शेठ आणि वहिनींचं भांडण बोर्डावरून झालं. जुन्या शेडच्या बोर्डावर दोन्ही भावांची नावं होती. नव्या शोरूमचा बोर्ड आला त्यावर एकच होतं. वहिनींनी विचारलं, “यांचं नाव कुठे गेलं?” शेठ म्हणाले, “गेलेल्या माणसाचं नाव धंद्यावर लावत नाय कोणी.” वहिनी म्हणाल्या, “मग माझं लावा. डोळे तर मीच काढते.” हे सगळ्या कारागिरांसमोर झालं. शेठ असलं ऐकून घेणारे नव्हेत. चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग वहिनींनी ठरवलं, आपण वेगळं व्हायचं. आपल्या मुलीला हाताशी धरून घराच्या पडवीत मूर्ती करायच्या. पण व्यापाऱ्याशिवाय मूर्ती करून ठेवायच्या कुठे? त्यांनी लोखंडेंना फोन केला. म्हणाल्या, तुम्हाला जे डोळे आवडतात ते माझे आहेत, या वर्षीची ऑर्डर मला द्या.

लोखंडे म्हणाले, “वहिनी, तुम्ही आखणी करता? हे मला आजच कळतंय. पाडव्याला येतोच आहे शोरूमला. तुम्हीही या, तिथे बघू.”

हे शेठच्या कानावर गेलं आणि ते दारात येऊन उभे राहिले.

निघेल, असं मी म्हटल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचे मेव्हणे कोलाडला रिसॉर्ट बांधत होते. प्रत्येक खोलीत चित्र लागणार होतं. “तुझं नाव मी टाकलंय तिकडं,” शेठ म्हणाले. आवाज चढवला नाही की धमकी दिली नाही. खांद्यावर हात ठेवून बाहेर गेले.

मी स्पंज भिजवला.

वहिनींचा चेहरा समोर होता. मूर्तीकडे बघणारा, किंचित कलता. आधी साडी पुसावी, मग हात, मग चेहरा, असं मनात होतं. पण ते डोळे तसेच ठेवून बाकीचं पुसायला हात धजेना. म्हणून आधी डोळे पुसले. बारीक ब्रश पाण्यात बुडवून, कापडाने टिपून, एकेक. त्यानंतर सोपं गेलं. बिनडोळ्यांचा चेहरा कुणाचाच नव्हता. मग केस, मान, तो हात. हातापाशी थोडा थांबलो, हे खरं. चांगला झालेला भाग जाणार याची हळहळ होती ती. वहिनींची त्यात किती होती, हे मी स्वतःला विचारलं नाही.

साडी पूर्ण गेली नाही. काही रंग ग्राउंडमध्ये डाग धरतात. तो हिरवा तसाच होता. कितीही पुसला तरी कोपराच्या जागी फिकट हिरवं राहिलं.

प्रांजल, म्हणजे शेठची सून, खिडकीशी येऊन बसली. पनवेलला बी.कॉम. केलेली, कारखान्याच्या मोबाइलवरच्या ऑर्डरी बघणारी शहाणी मुलगी. ब्रश धरून बसली पण मान वर करीना.

“काका, हा ब्रश असा धरतात का?”

“काकूंना बघितलं नाहीस धरताना?”

“रोज बघते.” मग ब्रश मांडीवर ठेवून म्हणाली, “मला नाही बसायचं हो काकूंच्या जागी. तुम्ही सांगा ना पप्पांना. तुमचं ऐकतील. म्हणा की पुसलं जात नाहीये.”

“आता पुसून झालंय, बाळा.”

ती उजव्या हाताची. खिडकीचा उजेड तोच ठेवून सगळी बैठक फिरवावी लागली. तो हिरवा डाग तिच्या पाठीमागे उघडा पडला. मी त्यावर प्लॅस्टिकची हिरवी बादली काढली. आजही तिथे बादली आहे. येणारी-जाणारी माणसं म्हणतात, काय बारकावे टिपलेत.

चित्र वाळलं, मी वॉर्निशचा डबा हलवला आणि मारलं. पाडव्याला अजून अवकाश होता. दोन दिवस थांबलो असतो तर काय झालं असतं, सांगता येत नाही. थांबलो नाही. उलट घाई केली. वॉर्निश बसलं की विषय संपतो, असं वाटत होतं.

पाडव्याच्या दिवशी शोरूमच्या दाराशी गुढी उभी होती. आत खुर्च्या मांडल्या होत्या, श्रीखंडाच्या वाट्या, चहाचे कप फिरत होते. चित्रावर पिवळं कापड टाकलेलं. वहिनी लोखंडेंना घेऊन आल्या. शेठनी त्यांना बोलावलं नव्हतं, पण पाडव्याच्या दिवशी दारात आलेल्या घरच्या बाईला परत कोण पाठवणार? तीच हिरवी साडी नेसल्या होत्या. लोखंडेंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मला ऐकू येईल इतक्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या, “शब्दावर नका जाऊ, भाऊ. ते चित्र बघा. मीच हाय त्यात, डाव्या हाताने आखणी करताना. या दादांनी काढलंय.”

आणि माझ्याकडे बघून हसल्या.

मला त्यांना दारातच अडवता आलं असतं. मी खुर्च्या सरळ करत होतो.

शेठनी कापड ओढलं. टाळ्या झाल्या. चित्र खरंच छान दिसत होतं. वहिनी पुढे झाल्या. आधी चेहऱ्याकडे बघितलं, मग हाताकडे. मग मागे वळून सगळ्या भिंतींकडे बघितलं, दुसरं चित्र कुठे आहे का ते.

लोखंडे गोंधळले. भला माणूस. ते मलाच म्हणाले, “पेंटरसाहेब, तुम्ही हे प्रत्यक्ष बघून काढलंय ना?”

“हो.”

“म्हणजे या मुलीलाच? इथे बसलेली?”

“समोर बसवूनच काढलंय,” मी म्हणालो.

यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच बोलताना जीभ अडखळली नाही.

वहिनींना रडू येईल असं मला वाटलं होतं. नाही आलं. त्या म्हणाल्या, “दादा, तुमच्या मोबाइलमध्ये फोटो हायत. रोज काम झालं की काढत होतात. दाखवा त्यांना.”

मोबाइल माझ्या शर्टाच्या खिशात होता. फोटोही होते.

“बघायला लागेल,” मी म्हणालो.

“बघा की मग.”

“बघंल तो सावकाश,” शेठ म्हणाले. “कुंदा, आजच्या दिवशी कशाला? श्रीखंड घे.”

“मूर्ती आणा एक,” वहिनी म्हणाल्या. “हितंच काढून दाखवते. मग तर झालं?”

कुणी हललं नाही. शेठ लोखंडेंकडे वळून, घरातली अडचण सांगावी तशा आवाजात म्हणाले, “पाडव्याचा दिवस. आणि ही डावरी. देवाच्या डोळ्यांना डावा हात... तुम्हीच सांगा.”

लोखंडे खाली बघत म्हणाले, “राहू द्या, वहिनी. घरातलं घरात मिटवा. मला कशाला मध्ये घेता?”

प्रांजल उठून आत गेली. वहिनी जायला वळल्या. मग लोखंडेंच्या हातातला रिकामा कप त्यांनी सवयीने घेतला. घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. कप खुर्चीवर ठेवला आणि निघून गेल्या.

फोटो मी लोखंडेंना पाठवला, पण बऱ्याच दिवसांनी. तोवर शेठची ऑर्डर ठरली होती. मी फोनही केला. सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं.

“साहेब,” ते म्हणाले, “तुम्ही सांगताय ते खरं असेल. पण मी तोंडावर विचारलं तेव्हा तुम्ही वेगळं सांगितलंत. आज वेगळं सांगताय. आता यातलं कुठलं धरू? आणि खोकी छापून झाली. त्याच्यावर तुमचंच चित्र आहे.”

मी म्हटलं, “चित्र मी बदललंय, म्हणून तर सांगतोय.”

“आजकाल फोटोपण बदलतात,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

माझं चित्र माझ्यापेक्षा जास्त विश्वासाचं ठरलं. एरवी कुठल्याही चित्रकाराला हे ऐकायला आवडलं असतं.

त्या वर्षी शेठच्या मूर्तींचे डोळे कुणी काढले, हे मला नंतर कळलं. बाहेरून एक माणूस आणला होता. डोळे बरे होते. ऐकल्यासारखे नव्हते, पण बरे होते. लोखंडेंनी तक्रार केली नाही. गिऱ्हाइकांनीही केली नाही. वहिनी गेल्यावर धंदा बसेल, शेठ हात जोडून बोलवायला जातील, असं मला आतून वाटत होतं. तसं झालं असतं तर माझा अपराध थोडा हलका झाला असता. तसं काही झालं नाही. कोलाडचं कामही मला मिळालं. मी ते केलं.

वहिनींचा पडवीतला कारखाना सुरू झालाच नाही. त्या हमरापूरच्या बाजूला दुसऱ्याच्या कारखान्यात आखणीला जायला लागल्या, असं प्रांजलने एकदा सांगितलं. गणपतीच्या आधी, भर पावसाळ्यात मी तिथे गेलो. काय बोलायचं ते गाडीत बसून ठरवलं होतं. शेडमध्ये त्या मागच्या बाजूला होत्या. खिडकी नव्हती, ट्यूबलाइट होती. डाव्या हातात ब्रश होता. इथल्या मालकाला हाताचं काही नव्हतं, त्याला रोजच्या मूर्ती वेळेवर हव्या होत्या.

“या दादा,” त्या म्हणाल्या. नेहमीसारखंच. “रोह्याहून आलात? बसा.”

मी बसलो. ठरवलेलं सगळं बोललो. चुकलो म्हणालो. लोखंडेंना फोन केला होता हेही सांगितलं, आणि सांगताना स्वतःचाच राग आला, कारण त्यात शाबासकी मागितल्यासारखं वाटत होतं.

त्या काम करत ऐकत होत्या. एका मूर्तीचा डावा डोळा झाला, उजवा झाला. मूर्ती बाजूला सरकवून दुसरी घेतली.

“फोन तुम्ही मला नाय केलात,” त्या म्हणाल्या.

“हिंमत झाली नाही.”

“मी त्या दिवशी लोखंडेभाऊंना स्टँडवरून हाताला धरून आणलं हो. चित्र बघा, चित्र बघा करत. आदल्या दिवशी नुसतं सांगितलं असतंत ना, वहिनी, तुम्ही नाय त्यात, तर मी आलेच नसते. दुसरं काय तरी केलं असतं. घरी बोलावून काढून दाखवलं असतं त्यांना.”

इतके दिवस मी स्वतःला पुसण्याबद्दल दोष देत होतो. न सांगण्याचा विचारच केला नव्हता.

“दादा, एक विचारू?”

“विचारा.”

“मला पुसलंत तेव्हा सुरुवात कुठून केलीत?”

खोटं सांगावंसं वाटलं. साडीपासून म्हणावं. पण त्यांच्याशी बोलताना तरी आता काही लपवायचं नाही, एवढं ठरवून आलो होतो.

“डोळ्यांपासून,” मी म्हणालो.

त्यांचा ब्रश पाण्याच्या वाटीत होता. तो त्यांनी वाटीच्या कडेला दोनदा निथळला आणि समोरच्या मूर्तीचा गाल डाव्या करंगळीने तोलला.

“आम्ही ते शेवटी काढतो,” त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे परत बघितलं नाही.

मी अजूनही कॅनव्हासवर जलरंगात काम करतो. आपल्या हवेत दुसरं काही टिकत नाही. गिऱ्हाइकाला ग्राउंड समजावून सांगतो, वॉर्निश समजावून सांगतो. कुणी विचारलं, यातलं काही नको असेल तर नंतर पुसता येतं का हो, तर मी सांगतो की नाही, जलरंग एकदा लागला की लागला. ही गोष्ट खोटी आहे. माझ्या धंद्यात एवढंच खोटं कामाचं आहे. ते मी उशिरा शिकलो.